तिसरं घुंगरू

२ मे, शनिवार

"हे आता कामाचं नाही. काढून टाका."

हे वाक्य मी भाताबद्दल बोलले होते. भाताबद्दल! आदल्या दिवशीचा भात टोपात तसाच राहिला होता, आंबूस वास मारत होता, बोटाला तार येत होती. लॅबमध्ये रोज दुधाचं जे करते तेच तिथं केलं — वास घेतला, बघितलं, निर्णय दिला. आज टीव्हीवर 'रानतळ' स्पर्धेच्या भागात ते वाक्य माझ्यासोबतचा स्पर्धक दिग्विजय याच्या पाठमोऱ्या चित्रावर चिकटवलं. तो ओढ्याकडे चाललाय, मागून माझा आवाज — हे आता कामाचं नाही. वर ढोलाची एक थाप.

पुरावा आहे. बोलताना माझ्या मनगटाला पट्टी दिसते. दिग्विजय ओढ्याकडे गेला त्या दिवशी माझं मनगट ठणठणीत होतं. नीट बघितलं तर कोणालाही कळेल. कोणी नीट बघत नाही!

माझे वडील, तात्या, म्हणाले, "सुकन्ये, आगं मानसाला असं बोलत्यात व्हय?"

मी म्हटलं, भात होता तात्या, भात.

"आमाला तर कुठं भात दिसला न्हाय."

दिसणार कसा? कापला.

३ मे, रविवार

शेजारच्या कुशाबाई दर रविवारी भाग सुरू व्हायच्या आधी येऊन बसतात आणि दर रविवारी मलाच नियम विचारतात. आजही विचारले. आजही सांगितले. रानात तळ टाकून सगळे राहतात. ठरल्या दिवशी प्रत्येकजण एका खापरीवर कोळशानं एक नाव लिहितो. ज्याचं नाव जास्त खापऱ्यांवर, तो बाहेर. शूटिंग हिवाळ्यातच संपलंय, शेवटचे तीन कोण हे मला माहीत आहे, पण सांगता येत नाही — करार आहे. विजेता मात्र अजून मलाही माहीत नाही. बाहेर पडलेले सगळे पंच होणार. ते आता आपापल्या घरी टीव्हीवर भाग बघतायत, आणि बघून झाल्यावर ३१ तारखेला मुंबईत मत देणार.

"म्हंजी त्यांनी टीव्हीवर जे बघितलं त्यावर?"

हो.

"मंग तुजं अवघड हाय," म्हणाल्या. आणि शेंगदाण्याची मूठ तोंडात टाकली.

पहिल्यांदाच बाई नेमकं बोलल्या.

४ मे

लॅबमध्ये राजनंदिनी दूध तपासायच्या मिथिलिन ब्लूच्या नळ्या लावता लावता म्हणाली, "मॅडम, तुम्ही टीव्हीत फार थंड दिसता." मी म्हटलं, तिथं डिसेंबर होता. हसली नाही. बहुधा हेच ते थंड.

५ मे

चॅनेलनं प्रत्येकाला एक खोका दिलाय आणि त्यात माणूस बसत नसला तर हातपाय कापून बसवतात. मी — 'हिशेबी सुकन्या'. मी पडद्यावर आले की मागं टक-टक आवाज, कॅल्क्युलेटर दाबल्यासारखा. दिग्विजय — 'मातीतला माणूस', पैलवान, बासरी वाजते. ह्या मातीतल्या माणसानं एक दिवस सरपण आणलं नाही. दुपारभर झाडाखाली घोरायचा. कॅमेरा आला की माती कपाळाला लावायचा. अविराज — पुण्याचा जिमवाला, त्याला नुसताच स्लो मोशन.

आणि शबीना — 'भोळी शबीना'. हे सगळ्यात चुकीचं. पणदऱ्यात बापाचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे, अय्युबचाचांचं, ते निम्मं तीच चालवते. उधारीवाल्याला चहा पाजून, त्याच्याच तोंडून वायदा काढून घेणारी मुलगी. तळावर एकदा अविराजला तिनं असं बोलण्यात घेतलं, की तो स्वतःच्या वाटची गुळाची ढेप वाटून मोकळा झाला आणि वर खूश! ते दाखवलं नाही. ती बटाटे सोलताना रडली ते दाखवलं. कांदे होते ते. बटाटे मी सोलत होते.

आमचं जमलं होतं. तेही जेवढं दाखवलं त्याहून जास्त. बारामती-इंदापूर शेजारचे तालुके म्हणून नाही. ती सारखी बोलायची, मला बोलावं लागायचं नाही, म्हणून.

७ मे, गुरुवार

मानसिंगकाकांना काय म्हणावं!

संध्याकाळी एमआयडीसीतून येताना शेळगावच्या चौकात फ्लेक्स. पंधरा फुटी. 'रानतळ विजेती, शेळगावची वाघीण कु. सुकन्या हिचे हार्दिक अभिनंदन.' वाघीण कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढी. मधोमध मानसिंगकाका, गॉगल, कानाला मोबाईल. खाली त्यांच्या युवा मंचाची तेवीस तोंडं.

घरी पोचेपर्यंत चॅनेलच्या मॅडमचा फोन. कोणीतरी फोटो टाकलेला. "सुकन्या, तुम्ही घरी काही सांगितलंत का? करार वाचलाय ना?" मी म्हटलं, मॅडम, मलाच निकाल माहीत नाही, तर मी फोडणार काय? त्या म्हणाल्या, लोकांना तसं दिसतं. सगळं 'दिसतं' यावरच चाललंय!

काकांना गाठलं. निकाल लागायचाय अजून, काका!

"लागंल की. आत्ता लावला म्हनून चौकात जागा गावली. निकालानंतर तितं सरपंचाचा वाढदिवस हाय."

मी हरले तर?

"मंग तेवढा एक शब्द बदलू. फ्लेक्सला काय हुतंय."

८ मे

शब्द बदलला. 'विजेती'च्या आधी पांढरी पट्टी चिकटवून 'भावी' लिहिलंय. भावी विजेती. काका म्हणाले, "आता तुजी म्याडम काय करंल?" खरंच काही करू शकली नाही.

१० मे, रविवार

आईच्या कुरडया. गहू तीन दिवस भिजले, चीक शिजला, पहाटेपासून गच्चीवर. सोऱ्या दाबायचं काम माझ्याकडे, कारण "तुजा हात घट्ट हाय". ऊन चढलं तसं तोंड भाजायला लागलं. आई मधेच म्हणाली, "ह्यातल्या थोड्या सायराबानूला धाडायच्या."

सायराबानू म्हणजे शबीनाची आई. तळावर एकदा घरच्यांना भेटायला आणलं होतं, तेव्हा आम्ही दोघी रडत होतो — मी नाही, शबीना — आणि या दोघी आया बाजूला बसून नणंदांबद्दल बोलत होत्या. तेव्हापासून गट्टी. ईदला त्यांच्याकडून डबा भरून शीरखुर्मा आला. आईनं त्यातच शेंगदाण्याचे लाडू भरून डबा परत धाडला.

मी म्हटलं, आत्ता काही पाठवायचं नाही. ३१ तारखेपर्यंत नाही. शबीना पंच आहे, मी शेवटच्या तिघांत — हे तुला मी सांगितलेलं नाही — आणि पंचांना 'भेट, वस्तू वा निरोप' पाठवायचा नाही असं करारात लिहिलंय.

"कुरडई वस्तू हाय व्हय?"

कुरडई वस्तूच असते आई!

"खायाची चीज ती. आन् तू कुठं धाडतीयास? मी धाडतीय."

मी सोऱ्या दाबत राहिले.

१२ मे

या शनिवार-रविवारी तो भाग येणार. शेवटचे पाच. जाहिरात सुरू झाली: 'मैत्रिणीच्या पाठीत… कोणाचा हात?' आणि टक-टक. म्हणजे अजून भाग आला नाही, पण आवाजावरून हात कोणाचा ते सगळ्या महाराष्ट्राला कळलंय. चार महिने मी तोंड बंद ठेवलंय कशासाठी!

एकदा सरळ लिहून काढते. मनात फिरवून फिरवून त्याचा लगदा व्हायला लागलाय.

आम्ही पाच उरलो होतो. मी, शबीना आणि ठाण्याच्या शाळेतल्या बाई — आमचा गट. समोर दिग्विजय आणि अविराज. आम्ही तिघी दिग्विजयचं नाव लिहिणार, ते दोघं माझं. तीन विरुद्ध दोन. दिग्विजय बाहेर. साधं.

पण घुंगरू. सुरुवातीला तळावर तीन घुंगरं लपवलेली होती. ज्याला सापडेल त्यानं ते कोणाला सांगायचं बंधन नाही. खापऱ्या उघडायच्या आधी ते वाजवलं की तो माणूस वाचतो — त्याच्या नावाच्या सगळ्या खापऱ्या बाद. स्वतःसाठी वाजवता येतं, नाहीतर दुसऱ्याला देऊन त्याला वाचवता येतं. एक बाईंनी वापरलं होतं, एक अविराजनं. तिसरं शिल्लक.

दिग्विजय चालला की त्याच्या कमरेच्या पिशवीत किणकिण यायची. मी दोन-तीनदा ऐकली. म्हणजे तिसरं त्याच्याकडे. म्हणजे तो ते वाजवणार, आमच्या तीन खापऱ्या बाद होणार, त्यांच्या दोन उरणार — माझ्या नावाच्या. मी बाहेर.

यावर एकच मार्ग होता. तिसऱ्याच कोणाच्या तरी नावावर तीन खापऱ्या हव्यात. मी त्या दोघांकडे गेले. बाईंना बाहेर काढायला ते तयार नव्हते, कारण बाई स्वयंपाक करायच्या! ते शबीना म्हणाले. मी हो म्हटलं.

शबीनाला हे का सांगितलं नाही? काय सांगणार होते — तुझं नाव लिहितेय, राग मानू नको?

तिच्याकडे घुंगरू असण्याची शक्यता मी धरली नाही. असतं तर तिनं मला सांगितलं असतं. तिच्या पोटात काही राहत नाही.

त्या दुपारी ओढ्यावर भांडी घासताना तिनं मला थांबवलं होतं. "सुकन्या, तुला एक सांगायचं हाय." तेवढ्यात माईकवाला बॅटरी बदलायला आला. मी म्हटलं, नंतर. ती हळूच म्हणाली, "बरं. तू घाबरू नको फक्त. तुझ्यावर आलं तर मी हाय ना." मला तेव्हा चीड आली होती. मी हाय ना! हे काय उत्तर झालं? तीन वजा तीन शून्य होतात, त्यात 'मी हाय ना' कुठं मांडायचं?

आणि खापऱ्या उघडल्यावर — तीन तिच्या नावाच्या, दोन दिग्विजयच्या. तो घुंगरू न वाजवताच वाचला, मला वाटलं पुढच्यासाठी राखून ठेवलं. शबीनानं चटकन मान वर केली. आमच्या गटातलं कोणीतरी फिरलं हे तिला कळलं. निघताना मला घट्ट मिठी मारली आणि कानात म्हणाली, "बाई फिरल्या गं. तू सांभाळ."

मी तिला तसंच जाऊ दिलं.

चार महिने ती हेच धरून बसलीय की बाई फिरल्या. रविवारी संध्याकाळी तिला दिसेल.

१३ मे

आज पणदऱ्याकडून आलेल्या दुधाच्या टँकरचा नमुना होता. फॅट बरोबर, एसएनएफ बरोबर. दोनदा तपासला. कारण काही नाही.

१५ मे

तिला फोन करावा का? करार सोडा. करार तोडला तर काय होईल ते मला माहीत आहे. फोन केला तर काय होईल ते माहीत नाही. रविवारच्या आधी केला तर ती म्हणेल, मतासाठी केला. नंतर केला तरी म्हणेल, मतासाठी केला. ३१ च्या नंतर केला तर म्हणेल, आता काय उपयोग. आणि यातलं खरं काय, मतासाठी की कशासाठी, हे मलाही वेगळं काढता येत नाही. एवढी उपकरणं हाताळते. याला नाही एक.

फोन केला नाही.

१६ मे, शनिवार

आईनं कुरडया पाठवल्या!

मानसिंगकाका पणदऱ्याला लग्नाला निघाले होते, त्यांच्या गाडीत. आईचा मोठा स्टीलचा डबा, ज्यावर तिचं नाव कोरलेलं आहे. म्हणजे ओळखायला अडचण नको! मला संध्याकाळी कळलं. तेही काकांनीच सांगितलं.

"धा मिन्टं बसलो दुकानात. अय्युबभाईनं सरबत पाजलं. पोरगी बी हुती. म्हनली, सुकन्याला सांगा रविवारचा भाग बघायला मी बसनार हाय."

काका, आणखी काय म्हणाली?

"म्हनली, फ्लेक्सवर तुमचाच फोटू मोठा हाय म्हनं." आणि काका खूश होऊन हसले. तिनं टोमणा मारलाय हे त्यांना मेलं तरी कळणार नाही. भोळी शबीना!

आईवर ओरडले. उद्या भाग आहे, आणि आदल्या दिवशी आपला डबा! लाच दिल्यासारखं दिसतं. आई गव्हाचा कोंडा चाळत म्हणाली, "दिसंल त्येला दिसंल. वाळवान झालं की चार घरी धाडायचं आसतं. तुजा तो भाग हाय म्हनून मी माजं वाळवान थांबवू?"



१७ मे, रविवार

समाजमंदिरात पडदा लावला होता. अर्धं गाव. मला पहिल्या रांगेत, खुर्चीवर, फेटा. फेटा नको म्हणून तीनदा सांगितलं.

जे दाखवलं ते असं.

मतदानाच्या झोपडीत मी खापरी कॅमेऱ्यासमोर धरते. कोळशात — शबीना. त्या वेळी मी कॅमेऱ्याला सगळं समजावून सांगितलं होतं. घुंगरू, किणकिण, तीन वजा तीन. "शबीना, तू हे बघशील तेव्हा तुला पटणार नाही, पण हिशेब तपासून बघ." बरंच बोलले होते, माझ्या मानानं. त्यातलं एक अक्षर ठेवलं नाही. ठेवलं काय — नाव, आणि लगेच माझं हसू. कोळसा हातात मोडला म्हणून हसले होते मी! कोळशाचा तुकडा खाली पडताना दिसतोसुद्धा, कोपऱ्यात.

मग सगळे शेकोटीभोवती. निवेदक विचारतो, "खापऱ्या उघडण्याआधी — कोणाला घुंगरू वाजवायचंय?" आणि शबीना माझ्याकडे वळून बघते. ओढणीच्या टोकाची गाठ हातात. त्या गाठीत ती कायम काहीबाही बांधून ठेवायची, मिठाची पुडी, सेफ्टी पिन. भुवया वर करते. मी मान हलवते. नाही.

मला हे आठवतं. ती विचारत होती, भीती वाटते का. मी सांगितलं, नाही.

हे त्यांनी चार वेळा दाखवलं. तिचे डोळे, माझी मान. तिचे डोळे, माझी मान. ढोल. मग मिठी, स्लो मोशनमध्ये, आणि "बाई फिरल्या गं" पडद्यावर खाली अक्षरांत, पिवळ्या रंगात.

समाजमंदिरात कोणी शिट्टी मारली नाही. पोरांनी आणलेले फटाके पोत्यातच राहिले. कुशाबाई मागून म्हणाल्या, "तोंडातला घास काढून घ्यावा तसं क्येलंस की गं." मी वळून म्हटलं, मावशी, तो खेळ होता, तिसरं घुंगरू दिग्विजयकडं होतं, नाहीतर मी गेले असते.

"मंग गेली आसतीस. घरीच आली आसतीस की."

तात्या उठले. "चला," म्हणाले. नुसतं चला.

फेटा मी चालता चालता सोडला. बराच लांब असतो.

१८ मे

राजनंदिनी आज फक्त कामाचं बोलली. आम्ही एरवीही फक्त कामाचंच बोलतो. तरी फरक कळला.

घरी आल्यावर आई म्हणाली, "डबा आला न्हाय अजून." मी म्हटलं, कालच्या भागानंतर तू डब्याची वाट बघतेस? ती म्हणाली, "बघायची. भांडं कोन रिकामं परत करत न्हाय. चिमूटभर साखर तरी घालत्यात. रिकामं आलं तर समजायचं, संपलं. काय बी आसलं आत, तर न्हाय संपलं."

आणि आलाच नाही तर?

"मंग माजा डबा गेला," आई म्हणाली. "नाव घातल्याला."

१९ मे

आला नाही.

२१ मे, गुरुवार

आज जे झालं त्याला काय म्हणायचं ते मला कळत नाही.

चॅनेलवर दिग्विजयची मुलाखत. उरलेल्या चौघांच्या मुलाखती चालू आहेत, माझी उद्या. निवेदिका विचारते, "तिसरं घुंगरू तुमच्याकडे होतं, ते तुम्ही कसं लपवलंत?" तो मांडीवर थाप मारून हसतो. "माझ्याकडं कुठलं घुंगरू! वाडीतल्या शेळीच्या गळ्यातलं पडलं होतं, ते पिशवीत टाकून फिरायचो. आपल्या हिशेबी ताईंना ऐकू यावं म्हणून! त्या बरोबर फसल्या." बासरी वाजली.

शेळीचं.

मी किणकिण ऐकली आणि त्यावरून सगळं मांडलं. नमुना तपासला नाही. लॅबमध्ये पोरींना पहिल्या दिवशी हेच शिकवते — आवाज, रंग, वास हे फक्त संशय, चाचणी झाल्याशिवाय नोंद करायची नाही. खरं घुंगरू असतं तर त्यानं ते असं वाजू दिलं असतं का? साधा प्रश्न. तेव्हा पडला नाही. ज्या माणसानं एक काटकी उचलली नाही त्यानं मला हलवलं!

म्हणजे शबीनाचं नाव लिहायची गरजच नव्हती. तीन विरुद्ध दोन. तो बाहेर गेला असता, आम्ही तिघी राहिलो असतो. इतकं साधं होतं.

मग तिसरं घुंगरू गेलं कुठं? निवेदिकेनंही विचारलं. दिग्विजय म्हणाला, "सापडलंच नसंल कुनाला. पडलं आसंल रानात."

२२ मे

माझी मुलाखत झाली. चॅनेलवाले बारामतीतच आले होते. "शबीनाला काही सांगायचंय?" सगळे दिवे माझ्यावर. मी म्हटलं, माझा हिशेब चुकला. निवेदिका वाट बघत राहिली, मी रडेन म्हणून. नाही रडले. प्रक्षेपणात ते वाक्य ठेवतील की नाही कोणास ठाऊक. ठेवलं तर कोणत्या चित्रावर चिकटवतील तेही कोणास ठाऊक.

बाहेर आल्यावर चॅनेलच्या मॅडम म्हणाल्या, "थोडं उबदार हवं होतं."

बारामतीत आज बेचाळीस अंश होतं.

२३ मे

मानसिंगकाकांनी फ्लेक्सवर आणखी एक पट्टी चिकटवलीय. आता 'भावी विजेती' गेलं, नुसतं 'स्पर्धक' आहे. काका म्हणाले, "वातावरन बघून घ्यावं लागतं." स्वतःचा फोटो तसाच आहे.

२४ मे, रविवार

अय्युबचाचा इंदापूरला माल आणायला चालले होते, वाटेत दारात थांबले. आत आले नाहीत. गाडीवरूनच आईचा डबा दिला. "वहिनी, कुरडया फक्कड झाल्यात." मग माझ्याकडे बघितलं. "बेटा, शबी म्हनली, सुकन्याच्या हातात द्या. म्हनली, हे तिच्यासाठीच ठिवलं हुतं, तिला द्यायचं राहिलं."

आईनं डबा कानाशी नेऊन हलवला. "काय तरी हाय!" म्हणाली आणि तिचा चेहरा उजळला.

मी झाकण काढलं. तळाशी चिमूटभर साखर. त्यावर पितळेचं घुंगरू, तळावरच्या त्या लाल दोऱ्यासकट. आत तिच्या ओढणीच्या चिंधीचा बोळा कोंबलेला — वाजू नये म्हणून.

भीती वाटते का, असं ती विचारत नव्हती. तुझ्यासाठी वाजवू का, असं विचारत होती.

आणि मी मान हलवली. नाही.